अंगण वाकडं नाही, स्प्रिंग चालू आहे

गाड्यांच्या गेमसाठी व्हील, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचं मोटरवालं स्टिअरिंग, घेतलेल्या प्रत्येकाच्या फोनवर सध्या एक फॉरवर्ड येऊन पडतो. मजकूर साधारण असा: ‘गिअरवाल्या व्हीलवर ड्रिफ्ट होतच नाही, मोटर हळू पडते. डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. फोर्स शंभर टक्के ठेवा. रोटेशन खऱ्या गाडीसारखं ९०० अंशच हवं. हँडब्रेकचा दांडा वेगळा घ्या. एवढं जमत नसेल तर कंट्रोलर बरा.’ पाच-सहा वाक्यांत दोन खरेद्या. मला तो तिघांनी पाठवला. एकाने तर वर ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहिलं होतं, कारण अभ्यासाच्या टेबलाला आवळलेल्या गिअरवाल्या व्हीलवर मी गेली काही वर्षं असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये ड्रिफ्ट करतोय, म्हणजे गाड्या आडव्या घसरवत चालवतोय.

पहिला मुद्दा मोटरचा. हा अर्धा खरा आहे, म्हणून त्याच्यावर जास्त बोलायला हवं.

गाडीचं मागचं अंग बाहेर सुटलं की नाक वळणाच्या आत बघतं, पण गाडी मात्र आपल्या जुन्याच दिशेने सरकत असते. पुढच्या चाकांना त्या सरकण्याच्या दिशेला तोंड करायचं असतं. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक ढकलाल तिकडे आपोआप फिरतं ना, तसंच. गाडीत हे काम कॅस्टर करतो, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाला मागे दिलेला कल. त्यामुळे ड्रिफ्टमध्ये स्टिअरिंग स्वतःहून उलट्या बाजूला पळतं. चालवणारा ते फिरवत नाही. तो हात सैल सोडतो, रिंग तळव्यांतून सरकू देतो आणि हव्या त्या जागी पकडतो.

आता लॉजिटेकचं जी २९ हे गिअरवालं व्हील घ्या. दोन मोटरी, तिरक्या दात्यांचे गिअर, जोर दोन न्यूटन-मीटरच्या आसपास. गिअरांचं घर्षण मोटरलाच ओढावं लागतं, म्हणून रिंग जरा आळसाने पळते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये रिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसते, मध्ये काहीच नाही, त्यामुळे ती झटकन जाते. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे. पण ‘हळू होतं’ आणि ‘होतच नाही’ यांत फरक आहे. त्याच कंपनीचं जुनं गिअरवालं जी २५ आलं २००६ मध्ये, त्यानंतर जी २७, असेटो कोर्सा पूर्ण स्वरूपात आला २०१४ च्या डिसेंबरात. फनाटेकचं सीएसएल डीडी, ज्यामुळे डायरेक्ट ड्राइव्ह जरा तरी आवाक्यात आलं, ते २०२१ चं. मधल्या सहा-सात वर्षांत लोक काय गाडी पार्क करून बसले होते? ड्रिफ्ट शिकलेली एक अख्खी पिढी गिअरवर आणि बेल्टवरच (मोटर आणि रिंगच्या मध्ये पट्टा) शिकली.

माझी स्वतःची गंमत सांगतो. सुरुवातीचे तीन आठवडे बीएमडब्ल्यू एम ३ ई ३० ची ड्रिफ्टवाली गाडी दर वळणाला गरकन फिरून उलटी व्हायची. मीही हेच म्हणायचो, मोटर हळू पडते. नाचता येईना अंगण वाकडं, असं भाऊ म्हणाला, आणि मला ते लागलं. मग एका रात्री व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट टिक केलेली दिसली: सेंटरिंग स्प्रिंग. ही स्प्रिंग रिंगला सतत मध्याकडे ओढते. गाडी स्टिअरिंग उलट्या बाजूला पाठवतेय, स्प्रिंग सरळ करतेय, आणि मध्ये मी दोन्ही हातांनी रिंग आवळून धरलेली. टिक काढली, डॅम्पिंग, म्हणजे रिंग मुद्दाम जड करणारी सेटिंग, शून्यावर आणलं, पकड सैल केली. त्याच रात्री पहिल्यांदा एक अख्खं वळण आडवं गेलं. म्हणजे अंगण थोडं वाकडं होतंच, पण ते मीच करून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं, “काय रे, रात्री अकराला मिक्सर कसला लावतोस?” गिअरांची खडखड होते, हा दोष मात्र बिनशर्त मान्य.

दुसरं, फोर्स, म्हणजे मोटर रिंगला देते तो जोर, शंभर टक्के. गिअरवाल्या व्हीलसाठी याच्याइतका उलटा सल्ला शोधून सापडणार नाही. गेमने मागितलेला जोर मोटरच्या ताकदीपलीकडे गेला की मोटर आपल्या कमाल जोरावर अडकून राहते. त्याला क्लिपिंग म्हणतात. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हलकं होतं, आणि ड्रिफ्टमध्ये बोटांना मिळणारी मोठी खबर हीच. जोर आधीच छताला टेकलेला असेल तर ‘भरपूर पकड’ आणि ‘पकड चाललीय’ हे दोन्ही हाताला सारखंच लागतं. असेटो कोर्सात पेडलांच्या पट्ट्यांशेजारी फोर्सची एक राखाडी पट्टी दिसते. ती लाल व्हायला लागली की क्लिपिंग होतंय समजायचं. नंबर पॅडवरच्या वजाच्या बटणाने त्या गाडीपुरता फोर्स कमी करत जा, लाल रंग क्वचितच चमकेल इतपत. रिंग ‘दुबळी’ वाटेल. दोन दिवस वाटू दे.

तिसरं, रोटेशन, म्हणजे रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फिरते ते: ९०० अंश, खऱ्या गाडीसारखं. खऱ्या म्हणजे कुठल्या? ड्रिफ्टच्या गाड्यांना अँगल किट (स्टिअरिंगचे बदललेले सुटे भाग) लावून पुढची चाकं साठ अंशांच्या आसपास वळतील अशी केलेली असतात. रस्त्यावरच्या गाडीत हा आकडा तीस-चाळीसच्या घरात असतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर ओढल्या जातात, त्यांचं मागचं अंग ॲक्सिलरेटर दाबून कधीच सुटत नाही. (आमच्याकडे ओम्नी होती, मागच्या चाकांवर चालणारी. पावसात एका वळणावर तिने एकदा जी शेपूट हलवली, तेवढाच माझा खऱ्या रस्त्यावरचा अनुभव. तोही मागच्या सीटवरून, बाबांचे शब्द ऐकत.)

हिशोब साधा आहे. ९०० अंशांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिंग अडीच फेरे फिरते, ५४० अंशांत दीड. व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये ५४० ठेवा आणि गेमला ९०० च सांगा. मग हाताच्या तेवढ्याच हालचालीत चाकं दीडपटीहून जास्त वळतात आणि आळशी मोटरला कापायचं अंतर तेवढंच घटतं. याची किंमत म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी चुळबुळी होते. लॅप टाइम काढायचा असेल तेव्हा परत ९०० वर जा, कोण अडवतंय?

हँडब्रेकचं थोडक्यात. मागचं अंग सोडवायचे मार्ग बरेच आहेत: क्लच दाबून इंजिन गुरगुरवायचं आणि क्लच झटक्यात सोडायचा, आधी उलट्या बाजूला हुलकावणी देऊन वजन फेकायचं, नुसता ॲक्सिलरेटर सोडून नाक जड करायचं. जी २९ सोबत क्लचचं पेडल आधीच येतं. सुरुवातीला हँडब्रेक एखाद्या बटणावर दिला तरी चालतो. चाक पूर्ण लॉक होतं, पण गाडी सुटायला तेवढं पुरतं. दांडा खरा उपयोगी पडतो तो दुसऱ्या गाडीच्या दाराला चिकटून चालवताना, जिथे अर्धवट ओढून वेग किंचितच कमी करायचा असतो. ज्याला एकट्यालाच वळण पुरं करता येत नाही, त्याने तो विकत घेऊन टेबलावर फक्त जागा अडवायची.

कंट्रोलर बरा? बरा म्हणजे सोपा, हे खरं, कारण काठीच्या हालचालीवर गेम स्वतःची गाळणी लावतो आणि वेग पाहून स्टिअरिंग आवरतो. तेवढी मदत हवी असेल तर जरूर घ्या. पण रिंग तळव्यातून पळताना जे कळतं ते काठीतून कळत नाही, आणि व्हील घेतलं होतं ते त्याचसाठी.

आता डायरेक्ट ड्राइव्हच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. एका बाजूच्या ड्रिफ्टमधून थेट दुसऱ्या बाजूला गाडी फेकताना रिंगला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निमिषात जायचं असतं, आणि तिथे गिअर उघडा पडतो. मी तिथे अजूनही हाताने रिंग भिरकावतो, आणि दहातली तीन वळणं वाया जातात. मित्राकडच्या आठ न्यूटन-मीटरच्या व्हीलवर तेच वळण पहिल्याच प्रयत्नात निघालं. पुढच्या वळणाला अंगठा रिंगच्या आऱ्यात अडकला आणि संध्याकाळभर सुजलेला राहिला. घेईन मी पण कधीतरी. त्याआधी टेबल बदलावं लागेल. आताचं दोन न्यूटन-मीटरलाच भिंतीकडे सरकतं.