चकाकतंय तोवर

गाडी धुणं सोपं. 'पुन्हा धुवायला आणा' हे सांगणं महाकठीण. मी कार डिटेलिंग करतो, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चकाकवतो. दोन बादल्या, मायक्रोफायबर, क्ले बार, पॉलिशर या मंडळींशी माझं छान जमतं. पण मेंटेनन्स प्लॅन विकायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

जाणकार म्हणतात, प्लॅन विकायचा तो गाडी ताब्यात देताना. गिऱ्हाईक तेव्हा बोनेटमध्ये बघून भांग पाडत असतं, खुशीत असतं. मी घसा साफ करतो. "साहेब, आता दर पंधरा दिवसांनी एक मेंटेनन्स वॉश..."

"आता? अहो, आत्ताच तर झाली!"

इथेच सगळं घोडं पेंड खातं. चकचकीत गाडीच्या मालकाला ती कधी मळेल हेच पटत नाही आणि मळलेल्या गाडीचा मालक माझा फोन उचलत नाही. दात किडलेला माणूस डॉक्टरांना बघून रस्ता ओलांडतो, तसे लोक मला टाळतात. फरक इतकाच, की दात तोंडात लपतात. गाडी समोरून धुळीने माखलेली जाते आणि आतला माणूस तेवढा खाली वाकतो.

मध्यंतरी मी शास्त्राचा आधार घेऊन पाहिला. एका गृहस्थांना सांगितलं, "रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसाहूनही पातळ. कोरड्या फडक्याने धूळ पुसलीत की त्यावर जाळीदार ओरखडे उठतात. ते काढायला पॉलिश करायचं म्हणजे त्याच थरातले थोडे मायक्रॉन घासून टाकायचे. म्हणून ओरखडे पडूच नयेत हे उत्तम."

ते गंभीर झाले. मला वाटलं, जमलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही आज माझी गाडी पातळ केलीत?"

त्या दिवसापासून मायक्रॉन बंद.

गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पाणी न धरणारा संरक्षक लेप, चढवून घेतलेले लोक तर माझं बोलणंही बोनेटवरच्या पाण्यासारखं थेंब थेंब करून ओघळू देतात. "कोटिंग केलंय ना? मग धुवायचं कशाला?" रेनकोट घेतला म्हणून कोणी आंघोळ सोडतं का? पण हे मी मनात म्हणतो. तोंडाने म्हणतो, "पाणी अंगावरच वाळलं तर क्षारांचे डाग राहतात हो." यावर उत्तर ठरलेलं: "बघू. कळवतो." 'कळवतो' म्हणणाऱ्याने कळवल्याचं मला तरी आठवत नाही.

अखेर एका काकांनी प्लॅन घेतला. स्वतःहून! वर्षभराचा, महिन्यातून दोन वॉश, पैसे आगाऊ. मी इतका हरखलो की अटींच्या कागदावर गाडीचा नंबर लिहायचाच राहिला.

पहिल्या खेपेला काका मेहुण्याची गाडी घेऊन आले. "आमची अजून स्वच्छच आहे हो." दुसऱ्या खेपेला जावयाची. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांची, तीही मागच्या सीटभर कुत्र्याचे केस घेऊन. कुत्र्याचे केस सीटमध्ये विणल्यासारखे बसतात. ओल्या रबरी हातमोज्याने ते एका दिशेला ओढत मी दीड तास काढला. शेवटी धीर करून म्हटलं, "काका, प्लॅन एका गाडीचा असतो."

"असं कुठे लिहिलंय?"

मी कागद काढला. खरंच कुठे लिहिलं नव्हतं.

सहा महिन्यांत त्यांचा सगळा गोतावळा मला टायरसकट पाठ झाला. न पाहिलेली गाडी एकच, काकांची स्वतःची. परवा तीही आली. पक्ष्याने बोनेटवर केव्हातरी आशीर्वाद दिला होता. तो उन्हात भाजून क्लिअर कोटमध्ये खोल उतरला होता. आता पॉलिशशिवाय इलाज नव्हता.

काकांनी डागावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे दुखावल्या नजरेने पाहिलं.

"वर्षभराचा प्लॅन घेऊनही हे असं?"