पाणी एकच, मग बेट का निवडायचं? मेनोहून आलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा सावकाश वाचली. तुमचा राग रास्त आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इंडोनेशियातल्या गिली बेटांवर स्कूबा डाइव्ह करण्याबद्दलच्या लेखात मी लिहिलं होतं, 'त्रावांगान, मेनो आणि आयर या तिन्ही बेटांच्या डाइव्ह साइट त्याच आहेत, तेव्हा जिथे राहायला आवडेल तिथे राहा.' त्यावर विसंबून तुम्ही दोघांनी शांततेसाठी मेनो निवडलंत. पाच दिवसांपैकी दोन दिवस 'आणखी कोणी नाही, दोघांसाठी बोट निघणार नाही' हे ऐकून परत फिरावं लागलं. ज्या डाइव्ह झाल्या त्यात प्रवाळ करडं, मोडकं दिसलं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, 'चांगल्या साइट त्रावांगानलाच आहेत, हे न सांगता तुम्ही आम्हाला चुकीच्या बेटावर पाठवलंत.'

बोट न निघण्याबद्दल आणि प्रवाळाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्याकडे येतेच. पण ते शेवटचं वाक्य मला पटलेलं नाही, म्हणून आधी तेच घेते.

बालीशेजारच्या लोम्बोक बेटाच्या वायव्य किनाऱ्यासमोर ही तीन बेटं एका ओळीत आहेत. किनाऱ्याला सगळ्यात जवळ आयर, मधे मेनो, सगळ्यात लांब आणि सगळ्यात मोठं त्रावांगान. (तिथल्या सासाक भाषेत 'गिली' म्हणजेच छोटं बेट, म्हणजे आपण 'गिली बेटं' म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणतो.) भोवतालच्या संरक्षित समुद्राला सरकारी कागदांवर नाव आहे 'गिली मात्रा'. मेनो, आयर, त्रावांगान या तिन्ही नावांतली अक्षरं जोडून केलेलं एकच नाव. डाइव्ह सेंटरच्या बोटीही या समुद्राला तसंच एक मानतात. शार्क पॉइंट त्रावांगानच्या बाजूला आहे, मेनो वॉल आणि टर्टल हेवन मेनोच्या, हान्स रीफ आयरच्या. पण कुठल्याही बेटावरून निघा, बहुतेक साइट दहा-पंधरा मिनिटांवर.

मी आयरवर राहत होते तेव्हाची एक सकाळ सांगते. मेनो वॉलवर साधारण बारा मीटरवर एक हॉक्सबिल कासव कपारीत तोंड खुपसून स्पंज ओरबाडत होतं. पुढचे दोन पाय दगडाला टेकवलेले, मान मागे ओढून हिसका, की स्पंजचा तुकडा सुटायचा आणि भुगा पाण्यात तरंगायचा. चोच दगडावर घासल्याचा आवाज स्वतःच्या श्वासाच्या बुडबुड्यांतूनही ऐकू येत होता. आम्ही चौघे एका बाजूला, आणखी चौघे दुसऱ्या बाजूला, सगळे हात छातीशी घेऊन स्तब्ध. वर आल्यावर कळलं की ते चौघे त्रावांगानहून आले होते. त्यांची बोट पश्चिमेला गेली, आमची पूर्वेला. कासव दोघांनी तेच पाहिलं.

आज कुठल्या साइटला जायचं हे ठरतं ते प्रवाहावर. बाली आणि लोम्बोकमधल्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे वाहत असतं, त्यात भरती-ओहोटीची भर पडते, आणि हे सगळं पाणी बेटांमधल्या अरुंद फटींतून जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जोर वाढतो. त्या दिवसांत नवख्यांना आडोशाच्या साइटवर नेतात आणि ते योग्यच आहे. तुमच्या पाच दिवसांत शार्क पॉइंट झालं नाही याचं कारण, तुम्ही दिलेल्या तारखा बघता, मला हेच वाटतं. मधल्या दिवशी पौर्णिमा होती आणि तुमच्या डाइव्हच्या नोंदवहीत तेव्हा नऊच डाइव्ह होत्या. तुम्ही त्रावांगानला असतात तरी जाणत्या डाइव्हमास्टरने (गटाला पाण्याखाली नेणाऱ्या वाटाड्याने) त्या दिवशी तुम्हाला तिथे नेलं नसतं.

आता माझी चूक. मेनोवर मी डाइव्ह केल्या आहेत, दुपारभर बसले आहे, मधल्या खाऱ्या तळ्याला चक्कर मारली आहे. पण एकही रात्र राहिलेली नाही. हे लेखात सांगायला हवं होतं. पाण्याबद्दल मला जे ठाऊक होतं, त्याच्या जोरावर मी जमिनीवरच्या व्यवस्थेबद्दलही सांगून टाकलं, आणि त्याची किंमत तुम्ही मोजलीत. मनापासून माफ करा.

त्रावांगानवर डाइव्ह सेंटर भरपूर. संध्याकाळी फळ्यावर दुसऱ्या दिवशीच्या दोन-तीन फेऱ्या लिहिलेल्या असतात, आपल्या पातळीची फेरी निवडायची आणि खाली नाव घालायचं. आयरवरही बऱ्यापैकी तसंच. मेनोवर सेंटर मोजकी आणि पाहुणे त्याहून मोजके. दोघांसाठी बोट, इंधन, नावाडी आणि डाइव्हमास्टर लावणं त्यांना परवडत नाही. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही, पण नोंदणीच्या वेळीच हे स्पष्ट सांगणं त्यांचं काम होतं. तुम्ही विचारलंत की मग रोज सकाळी शेजारच्या बेटावर जाता आलं नसतं का. जाता येतं, पण बेटांमधली सार्वजनिक बोट ठरावीक वेळांनाच असते आणि सकाळची पहिली डाइव्ह तिच्यासाठी थांबत नाही. काही सेंटर आपली बोट शेजारच्या किनाऱ्यावर पाठवून डायव्हरना घेऊन जातात, ते आधी ठरवावं लागतं. बेट नक्की करण्यापूर्वीच सेंटरला लिहून विचारा: या तारखांना माझ्या पातळीचे किती जण आहेत, दोघेच असलो तर बोट निघेल का, नाही निघाली तर दुसऱ्या सेंटरच्या बोटीत बसवाल का? उत्तर लेखी घ्या.

पण बोटी भरपूर म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. माझा ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स, नुकताच झाला होता, जमेस सहा डाइव्ह. त्रावांगानवरच्या एका सेंटरने मला पाच जणांच्या गटात शार्क पॉइंटला नेलं. बाकीचे चौघे मुरलेले. खाली उतरल्यावर पाणी इतकं खेचत होतं की दगडाच्या मागे गेलं तरच थांबता येई. मी पाय मारत राहिले, श्वास वाढला, आणि विसाव्या मिनिटाला टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा सत्तर बारवर आला होता. बाकीच्यांकडे तेव्हा दीडशेच्या आसपास हवा होती. डाइव्हमास्टरने काटा पाहिला, माझा पट्टा धरला आणि डाइव्ह सगळ्यांसाठीच संपवली. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप करताना मी त्या चौघांकडे बघू शकले नाही. पाण्यात त्याने जे केलं ते चोख होतं. चूक आदल्या संध्याकाळी फळ्यापाशी झाली होती, कारण माझ्या किती डाइव्ह झाल्यात हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं.

प्रवाळाचंही मी अपुरं लिहिलं. गिलीचे उथळ उतार बऱ्याच ठिकाणी तुकड्यांनी भरलेले आहेत. पूर्वीची सुरुंग लावून केलेली मासेमारी, नांगर आणि १९९८ च्या एल निनोच्या वेळी तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरं पडून झालेली पडझड, ही त्याची कारणं. २००४ पासून त्रावांगानजवळ बायोरॉकचे लोखंडी सांगाडे पाण्यात ठेवले गेले. त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडला की समुद्रातला चुना सांगाड्यावर साचतो आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे धरतात. काही सांगाड्यांवर आता माशांची दाट वर्दळ दिसते. खोल गेलं, सायमन्स रीफसारख्या ठिकाणी, तर प्रवाळ पुष्कळ बरं आहे, पण त्यासाठी ॲडव्हान्स्ड कोर्स हवा. प्रवाळाच्या बागा हेच स्वप्न असेल तर इंडोनेशियातच राजा आम्पात किंवा कोमोडो गाठावं. गिलीला जायचं ते कासवांसाठी, कोमट पाण्यासाठी आणि शिकण्यासाठी.

लेखातल्या पंख्याच्या आकाराच्या त्या लालभडक प्रवाळाच्या फोटोबद्दलही सांगायलाच हवं. तो पंधरा मीटरवर फ्लॅश मारून काढलेला आहे. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. फ्लॅश किंवा टॉर्चशिवाय डोळ्यांना तोच पंखा तपकिरी-करडा दिसतो. फोटोखाली हे लिहिलं असतं तर तुमची निम्मी निराशा टळली असती. आता लिहिलं आहे.

मेनोच्या पाण्यातल्या पुतळ्यांसाठी मात्र हवेची टाकी लागत नाही. जेसन डिकेयर्स टेलर यांचे ते ४८ पुतळे २०१७ पासून जेमतेम तीन-चार मीटरवर उभे आहेत, मास्क लावून वरूनच दिसतात. गर्दी होण्याआधी, सकाळी लवकर जा. तिथे मेनोवर राहण्याचा फायदा आहे खरा.

तुम्ही शेवटी विचारलंत की पुन्हा जायचं झालं, बरोबर अकरा वर्षांची मुलगी आणि डाइव्ह न करणारे सासरे, तर कुठे? माझं उत्तर आयर. इंडोनेशियन भाषेत आयर म्हणजे पाणी. लोम्बोकहून सगळ्यात कमी वेळात पोहोचता येतं, सासऱ्यांना बोटीत फार वेळ बसावं लागणार नाही. तिन्ही बेटांवर इंधनाच्या गाड्यांना बंदी आहे, पण घोडागाडी, तिथली चिडोमो, मिळते. आयर पायीही दीड-दोन तासांत फिरून होतं. रात्री त्रावांगानसारखा दणदणाट नाही आणि मेनोसारखं एकटंही पडायला होत नाही. मुलीला ज्युनियर ओपन वॉटर करता येईल. त्या वयात बारा मीटरची मर्यादा असते आणि सोबत इन्स्ट्रक्टर किंवा डाइव्ह येणारे आईवडील लागतात. हान्स रीफचा वाळूचा उतार यासाठी छान आहे, आणि धीर धरून वाळू न्याहाळली तर तिथे फ्रॉगफिशही सापडतो. तिच्या चेहऱ्याला बसणारा मास्क घरून घेऊन जा, भाड्याचे मास्क लहान चेहऱ्यावर गळतात. कान नीट मोकळे होत नसतील तर कोर्स पुढे ढकलायचा, हट्ट करायचा नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.

तारखा ठरवताना पौर्णिमा-अमावास्या बघा आणि पहिले दोन दिवस तरी त्यापासून लांब ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये बालीहून येणारी वेगवान बोट वाऱ्यामुळे फार आदळते, तेव्हा लोम्बोकला विमानाने उतरून तिथल्या बांगसाल बंदरातून पलीकडे जाणं सासऱ्यांना सोपं पडेल. शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किमान अठरा तास हवेत, मी पूर्ण दिवस ठेवते.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं. आता तिथे असं आहे: 'तिन्ही बेटांच्या डाइव्ह साइट त्याच आहेत, पण बोट रोज निघेलच याची खात्री तिन्ही बेटांवर सारखी नाही. मेनोवर राहणार असाल तर पैसे भरण्याआधी सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. मी स्वतः मेनोवर राहिलेले नाही.'