बायजाबाई आणि आत्याचा जुडगा

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि कपातला चहा तसाच गार झाला. घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय, 'बाईच्या हाती कारभार गेला की घराणं बुडतं.' खाली बायकांची यादी. त्यात तिसरं नाव बायजाबाई शिंदे, आणि नावापुढे लिहिलंय, 'सत्तेची हावरी.' त्यावर अकरा जणांनी अंगठे दिलेत. त्यात माझ्या सख्ख्या चुलत्यांचाही आहे.

बायजाबाई म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्याच गावाकडच्या माणसांनी तिला हावरी म्हणायचं?

मला आज आत्या आठवली. थोरली आत्या. तिचे यजमान गेले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, पोटी मूल नव्हतं. भावकीनं बसून धाकट्या दिराचा दहा वर्षांचा मुलगा तिच्या ओटीत घातला, आणि तो हाताशी येईपर्यंत आत्यानं कारभार बघावा असं ठरवलं. तेरा वर्षं बघितला तिनं. रात्रीची लाईट असली की बॅटरी घेऊन स्वतः मोटार चालू करायला जायची. ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलणी, कारखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज, सगळं तिच्या लाल चोपडीत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती परड्यातनं यायला लागली की आधी त्याचा आवाज यायचा.

आता बायजाबाईचं ऐका. १७९८ साली पुण्यात ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांशी तिचं लग्न झालं, तेव्हा ती चौदाएक वर्षांची. हे लग्न बापानं, सर्जेराव घाटग्यानं, स्वतःच्या दिवाणगिरीसाठी जुळवलं. त्या पोरीला कुणी विचारलं असेल? पुढे पुणेकरांकडून पैसा उकळताना सर्जेरावानं जे हाल केले ते सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि त्याच्या पापाचं गाठोडं आजही लेकीच्या डोक्यावर देतात. पण तीच पोर शिंद्यांच्या दरबारात अशी उभी राहिली की नवरा तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकीना. ती घोड्यावर बसायची, भाला चालवायची, कागदपत्रं बघायची. पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा बाजीरावाला साथ द्या म्हणून ती दौलतरावांशी भांडली. ते इंग्रजांपुढे नमले तेव्हा त्यांना भित्रे म्हणायला ती कचरली नाही.

१८२७ च्या मार्चमध्ये दौलतराव गेले. मुलगा नाही. भावकीतला अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव जनकोजीराव ठेवलं, आणि कारभार बायजाबाईकडे आला. सहा वर्षं तिनं ग्वाल्हेर चालवलं. शिंद्यांची ती पलटणं, तो पसारा, आणि उंबऱ्यावर बसलेला इंग्रज रेसिडेंट! पेढ्यांचा व्यवहार तिला भल्या भल्या सावकारांइतका कळायचा. काशीला विश्वनाथाच्या शेजारी ज्ञानवापीच्या विहिरीवरचा दगडी खांबांचा मंडप १८२८ साली तिनंच बांधून घेतला. हे त्या फॉरवर्डमध्ये का नाही?

आणि मग १८३३ चा जुलै. जनकोजी मोठा झाला होता, पलटणं त्याच्या बाजूला गेली, आणि बाईला राजवाडा सोडून निघावं लागलं. मदतीसाठी ती इंग्रजांकडे गेली, पण त्यांनी हात वर केले. कालपर्यंत जिच्यापुढे सरदार मुजरे करत होते ती आग्र्याकडे चालू लागली.

आत्याचंही असंच झालं. ती एका लग्नाला दोन दिवस गेली होती. परत आली तर माडीला, कोठीला, कपाटाला, सगळीकडे नवी कुलपं. संध्याकाळच्या एसटीनं ती आमच्याकडे आली. दार मी उघडलं. पत्र्याची ट्रंक, आणि कमरेला तोच जुडगा. आईनं पाणी दिलं. ते न पिताच ती म्हणाली, "कुलपं बदलली गं वैनी."

भावकी काय म्हणाली माहितीये? "बाईनं वेळेवर सोडायला पायजे होतं." ज्यांनी तेरा वर्षांत एकदा बांधावर पाय ठेवला नाही, ते म्हणाले!

हो, मान्य आहे. बायजाबाईनं जनकोजीला फार दाबून ठेवलं. अज्ञानाचा कारभार तो सज्ञान झाला की संपायचा असतो, आणि तिला तो मरेपर्यंत हवा होता. आत्यानंही दादाला, म्हणजे तिच्या ओटीत घातलेल्या त्या मुलाला, कधी त्या चोपडीला हात लावू दिला नाही. तो तेवीसचा होता हो, त्याचं लग्न ठरत होतं, आणि खताच्या पोत्याला तो आत्याकडे पैसे मागत होता. त्याचा जीव घुसमटला असणार. ठीक आहे. पण म्हणून कुलपं बदलायची? समोर बसून दोन शब्द बोलता आले नसते?

माझा राग नेमका इथं आहे. पोरगं लहान असताना, घरावर कर्ज असताना बाई लागते. तेव्हा ती लक्ष्मी. घर सावरलं की तीच हावरी. महादजी शिंद्यांनी आयुष्यभर सत्तेसाठी झुंज दिली, त्यांना आपण मुत्सद्दी म्हणतो आणि म्हणायलाच हवं. मग बायजाबाईला का नाही?

१८३५ मध्ये फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला फतेहगडच्या छावणीत भेटली होती. तिनं लिहून ठेवलंय. केस पिकलेले, हसणं फार गोड, अंगावर साधं लाल रेशमी लुगडं, आणि विधवा म्हणून दागिने उतरवलेले. राज्य गेलेलं, तंबूत दिवस चाललेले, तरी दोघी बायकांच्या हालांबद्दल बोलत बसायच्या, इथल्या आणि विलायतेतल्याही. इंग्रज बायका एका बाजूला पाय टाकून घोड्यावर बसतात हे पाहून छावणीतल्या मराठी बायका हसल्या. मग पार्क्सबाईनं मराठी वेश करून आपल्या पद्धतीनं घोड्यावर मांड टाकली, आणि तिला तेच बरं वाटलं. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. सगळं गेल्यावरही तिच्या छावणीत बायका घोडे दौडवत होत्या.

आत्या आमच्याकडे नऊ वर्षं होती. आईच्या मागं लागून तिनं परसात भाजी लावली, आणि तिचाही हिशेब लिहायची. दादाबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही. शेवटच्या आजारात जरा शुद्धीवर आली की विचारायची, "पोराचा ऊस गेला का कारखान्याला?" बायजाबाईही मधली वर्षं आग्रा, फतेहगड, नाशिक अशी फिरून शेवटी ग्वाल्हेरलाच परतली आणि १८६३ साली तिथंच गेली. ज्या घरानं बाहेर काढलं, त्याच घरात.

आता सांगते. तो फॉरवर्ड दादानंच टाकलाय.

सकाळी फार वाईट शब्द लिहून ठेवले होते, ते आता खोडले. मधे उठून कपाट उघडलं. जुडगा माझ्याकडे आहे, आईनं जाताना माझ्या हातात दिला. नऊ किल्ल्या आहेत. कोठीच्या किल्लीला अजून तिनं बांधलेली लाल चिंधी आहे, अंधारात हाताला लागावी म्हणून. दादा, तू हे वाचशील. तुला हवा असेल तर पुढच्या रविवारी मी स्वतः आणून देते, चहा प्यायला थांबते. आधी तेवढा मेसेज काढून टाक.