एजंटाच्या आधी वॉर्डात कोण पोचतं?

अपघाताच्या दाव्यांत वकिलांना टक्केवारीवर फी घेऊ द्यावी, असं भारतातले अनेक मित्र हल्ली म्हणतात. बार कौन्सिलच्या नियमांत ती बसत नाही, पण मोटार अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या आवारात व्यवहार बहुतेकदा टक्क्यांतच ठरतो. मग उघडपणे परवानगी का नको? ब्रिटनमध्ये 'जिंकलो तरच फी' चालते, हा त्यांचा हुकमी दाखला. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि मला तो अर्धवट वाटतो.

इथं ही पद्धत फोफावली, कारण २००० साली शारीरिक इजेच्या बहुतेक दाव्यांसाठीची सरकारी कायदेशीर मदत बंद झाली. पुढे लगाम घालावा लागला: २०१३पासून वकिलाचा यशाचा वाटा भरपाईच्या २५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि पुढच्या उपचारांसाठी किंवा बुडणाऱ्या कमाईसाठी मिळालेली रक्कम त्या हिशेबात धरता येत नाही.

जखमींना खरा आधार वकिलाच्या आधी मिळतो. 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या सल्ला देणाऱ्या संस्थेत दाव्याची मुदत किती, कागद कोणते, हे फुकट समजावून सांगतात. मेंदूला इजा झालेल्यांसाठी 'हेडवे' ही संस्था आहे. असा माणूस वरून धडधाकट दिसतो, पण जीभ अडखळते, तोल जातो, आणि पोलिसांना तो प्यायलेला वाटतो. अशा वेळी दाखवायला हेडवे त्याला एक ओळखपत्र देते. त्यावर त्याला होणारे त्रास लिहिलेले असतात. धडक देणारा पळून गेला किंवा त्याचा विमाच नसला, तर १९४६पासून विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारा 'मोटर इन्शुरर्स ब्यूरो' इजेच्या मानाने भरपाई देतो. आपल्याकडे वाहन पळून गेलं तर गंभीर जखमीला ठरावीक ५० हजार रुपये. पाय तुटलेल्या माणसाचं त्यात काय भागणार?

पण इंग्लंडनं सोडून दिलेली एक गोष्ट, सरकारी कायदेशीर मदत, आपल्याकडे अजून आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रिया, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो देतं. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. २०२२पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना दहा दिवसांत द्यायचा असतो.

हे घरच्यांना कळेपर्यंत वकिलासाठी दावे गोळा करणारा एजंट खाटेपाशी आलेला असतो. मुलगा आयसीयूबाहेर बसलाय, मांडीवरच्या पिशवीत एक्स-रे आणि औषधांची बिलं, आणि समोरचा गोड बोलून वकीलपत्रावर सही मागतोय, सोबत दोन कोऱ्या कागदांवरही. अशा वेळी कुणाला टक्केवारीची घासाघीस सुचेल? परवानगी मिळाली तर हीच सही कायदेशीर होईल, एवढाच फरक.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक रोज बसावा. त्यानं एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मिळवून द्यावी, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं सांभाळायला सांगावं, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कुठं जायचं ते दाखवावं. इंग्लंडमध्ये दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं सहाच महिने ठेवले, आणि त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. प्लास्टर निघून माणूस चालायला लागेपर्यंत त्यातले निम्मे महिने संपलेले असतात.