फिजिक्स आधी, डेरिव्हेटिव्ह वर्षाच्या शेवटी

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय, मामेभावाच्या पोराची अकरावी. त्याला क्लासच्या इंटिग्रेटेड बॅचला, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र, घालायचं की साध्या कॉलेजला, यावरनं रोज भांडण. एक पार्टी म्हणते अमेरिकेतल्या पोरांना अपूर्णांक येत नाहीत, आपलीच पोरं भारी. दुसरी म्हणते आपल्याकडं नुसती घोकंपट्टी, शिकावं तर तिकडं. मी इथं अमेरिकेत एका सरकारी युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सची लॅब घेतो, त्यामुळं दोन्ही पार्ट्या मलाच टॅग करतात.

अपूर्णांकांचं खरंय, अर्धा अधिक एक तृतीयांशला कॅल्क्युलेटर काढणारी पोरं आहेत. पण इथं कॅल्क्युलसवालं, म्हणजे बदलाचं गणित वापरणारं, फिजिक्स वेगळं अन् बिनकॅल्क्युलसचं वेगळं, आणि इंजिनिअरिंगवाल्यांना जे घ्यावं लागतं त्यासाठी कॅल्क्युलस आधी झालेलं किंवा निदान सोबत चालू असावं लागतं. हा नियम मला आपल्याकडं हवाय. आपल्या स्टेट बोर्डाला अकरावीच्या फिजिक्समधे दुसऱ्याच धड्यात डेरिव्हेटिव्हची, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं बदलते त्या दराची, तोंडओळख, लगेच पुढं गती आणि बलाचे नियम, अन् गणितात मात्र डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी, त्याच्या उलटं इंटिग्रेशन तर थेट बारावीत. मग पोरगं काय करणार, व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी हे वेगाचं सूत्र पाठ करणार. त्वरण कायम असेल तरच ते चालतं ही अट कुणाच्या ध्यानातच राहत नाही. वर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, तिथं समीकरण मांडत बसला तो गेलाच.

इथं आमच्या लॅबमधे कॉफीचे कागदी फिल्टर वरनं सोडतात, आधी एक, मग एकात एक घातलेले चार, आणि मोबाईलवर शूटिंग करून वेग काढतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला तर चार फिल्टरचा शेवटचा स्थिर वेग एकाच्या दुप्पट यायला पाहिजे, आणि साधारण येतो पण. वजन वजा विरोध बरोबर वस्तुमान गुणिले वेगाचं डेरिव्हेटिव्ह, ही एक ओळ लिहायला पोरं अर्धा तास घालवतात, आणि उत्तर चुकलं तरी त्या ओळीला मार्क असतात. पुढचं इंटिग्रेशन आलं की मात्र गाडी अडते, तिथं आपला सीईटीवाला चुटकीसरशी सुटला असता हेही सांगतो.

आणि डेरिव्हेटिव्ह आमच्यासारख्या कोल्हापूरकराला जड जाईल हे मला पटतच नाही. पावसाळ्यात अख्खं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत असतं, ३९ फूट इशारा, ४३ धोका, पण खरा प्रश्न असतो तासाला किती इंच चढतंय. पाणी चढतच असतं आणि कट्ट्यावर कोणतरी म्हणतं, "वाढ मंदावली बघ", म्हणजे दुसरं डेरिव्हेटिव्ह निगेटिव्ह झालं की भावा! २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा सामान माळ्यावर टाकायचं की घरच सोडायचं, हे ह्याच हिशोबावर ठरत होतं.

तेव्हा मामेभावाला माझं एवढंच, इंटिग्रेटेडला घाल नाहीतर नको घालू, सीईटी पोराला द्यायचीच आहे आणि इथली अमेरिकेतली फी आपल्याला झेपायची नाही. फक्त गतीचा धडा सुरू व्हायच्या आत गणिताच्या दुसऱ्या पुस्तकातलं लिमिट आणि डिफरन्सिएशन त्याच्याकडनं करून घे. क्लासवाले म्हणतील पोर्शन मागं पडतोय. पडू दे महिनाभर.