जुना गेम परत विकताय? मग आधी हाताचं बघा

परवा इंदूरच्या रामबागेत ताईकडे गेलो होतो, भाचा पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या मशीनवर, डेव्हिल मे क्राय ५ या मारामारीच्या गेमची स्पेशल एडिशन, म्हणजे भर घालून परत काढलेली आवृत्ती, लावून बसला होता आणि मी शूज काढायच्या आधीच टीव्हीकडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, हा गेम तर तुझ्या कम्प्युटरवर आहे ना, आणि त्याच्या आधी पीएस४ वर पण होता, मग हाच परत का विकतात, लोकांना येडं बनवतात ना हे?" ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "विचार विचार, आणि तिसरा भाग त्यानं किती वेळा घेतलाय तेही विचार." जेवायला बसायची वेळ झाली होती त्यामुळे तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांब होणार आहे पण हा विषय माझ्या खरंच जवळचा आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. या गेममध्ये नुसतं जिंकायचं नसतं, कसं जिंकलात ते मोजलं जातं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक अक्षर असतं, डी पासून सुरू होतं, सी, बी, ए, मग एस, आणि वर ट्रिपल एस. एकच वार दहा वेळा केला तर शत्रू मरेल पण ते अक्षर चढणार नाही, त्यासाठी तलवार, बंदूक, उडी, चकवा सगळं बदलून बदलून वापरावं लागतं आणि मध्ये मार खाल्ला की अक्षर खाली. २००१ साली पहिला भाग आला, तो मुळात रेसिडेंट ईव्हिल या भीतीच्या गेममालिकेचा चौथा भाग म्हणून बनायला लागला होता, हिदेकी कामिया दिग्दर्शक. ओनिमुशा नावाच्या दुसऱ्या एका गेममधल्या बगमुळे शत्रू वार खात खात हवेतच राहत होता, कामियाला तेच आवडलं आणि शत्रूला हवेत उचलून खेळवायची कल्पना तिथून आली. मतलब एका चुकीतून खेळायची पूर्ण पद्धत उभी राहिली, आणि मला ही गोष्ट आजही कुणाला सांगताना मजा येते.

माझी ओळख मात्र तिसऱ्या भागापासून. २००६-०७ ची गोष्ट असेल, राजवाड्याच्या मागे एका गल्लीत गेम पार्लर होतं, दोन पिक्चर ट्यूबवाले टीव्ही, दोन पीएस२, तासाला वीस रुपये, आणि तास संपला की मागून आवाज यायचा, "भिया, टाइम हो गया." तिथे डेव्हिल मे क्राय ३ ची स्पेशल एडिशन होती. मूळ गेम २००५ चा, स्पेशल एडिशन लगेच पुढच्या वर्षी. आम्हाला तेव्हा एडिशन वगैरे काही कळत नव्हतं, एवढंच कळलं होतं की यात नायक डांटेचा भाऊ व्हर्जिल घेऊन पण खेळता येतं. पण आज मागे वळून बघतो तेव्हा लक्षात येतं की त्यांनी काय काय केलं होतं. अमेरिकेतल्या मूळ आवृत्तीत नॉर्मल म्हणून जी अवघड पातळी दिली होती ती जपानमध्ये हार्ड होती, लोक पहिल्या काही मिशनमध्येच अडकून बसायचे, ते स्पेशल एडिशनमध्ये सरळ केलं. मेला तिथूनच परत उठता यावं अशी सोय दिली. टर्बो मोड दिला, ज्यात पूर्ण गेम जास्त वेगात चालतो. म्हणजे त्याच मशीनवर, ग्राफिक्स आहे तेच ठेवून, खेळणाऱ्याच्या हातात नवीन काहीतरी दिलं. या जातीच्या गेमचं पुनःप्रकाशन कसं असावं याचं उत्तर मला तरी त्या एका डिस्कमध्येच मिळालं होतं, मग पुढच्या वीस वर्षांत जे जे आलं ते मी त्याच मापाने मोजत आलोय.

माप साधं आहे. नवीन मशीनवर आल्यावर माझ्या हाताला काय फरक पडला? डोळ्यांना पडला असेल तर चांगलंच आहे, पण ते नंतर.

हे मी का म्हणतो ते एका उदाहरणावरून सांगतो. जंप कॅन्सल नावाची एक गोष्ट आहे. तुम्ही हवेत आहात, शत्रूही हवेत आहे, तुम्ही वार केला, वार लागला, आता त्या वाराचा उरलेला भाग, म्हणजे हात परत खाली येणं वगैरे, तो पूर्ण होईपर्यंत तुम्ही बांधलेले असता. पण वार लागताक्षणी शत्रूच्या अंगाजवळ असताना उडीचं बटण दाबलं तर डांटे शत्रूच्या अंगावर पाय देऊन उसळतो आणि तो उरलेला भाग तिथेच कापला जातो, लगेच परत वार करता येतो, परत उडी, परत वार, जमलं तर जमिनीला पाय न लावता चालू ठेवता येतं. याला लागणारी वेळ इतकी बारीक असते की लवकर दाबलं तर वार लागतच नाही आणि उशीर झाला तर शत्रू खाली निसटतो. मी महिनाभर रोज संध्याकाळी फक्त एवढंच केलंय, ट्रेनिंग रूममध्ये, एका शत्रूवर. आता गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, चालत असेल तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची, ३० चालत असेल तर ३३.३. तुमचं बोट जे बघून हलणार ती चित्रंच अर्धी झाली आणि बटण दाबल्यावर त्याचा परिणाम दिसायलाही जास्त वेळ लागायला लागला. कथा सांगणारा एखादा निवांत गेम ३० वर चालला तर मला काही अडचण नाही. इथे मात्र हात लंगडा होतो.

म्हणूनच निन्जा थिअरी या दुसऱ्या कंपनीने २०१३ मध्ये नवीन डांटे घेऊन डीएमसी नावाने याच मालिकेतला गेम काढला तेव्हा कन्सोलवर, म्हणजे पीएस, एक्सबॉक्स अशा गेमच्या मशीनवर, तो ३० वर चालायचा याचं मला फार वाईट वाटलं होतं. त्या नव्या डांटेच्या केसांच्या रंगावरून लोक तेव्हा जे भांडले त्याचं मला कधीच काही नव्हतं, माझं दुखणं फ्रेम रेटचं होतं. आणि मग २०१५ मध्ये त्याचीच डेफिनिटिव्ह एडिशन पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आली, ६० फ्रेम, २० टक्के जास्त वेगाचा टर्बो मोड, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लॉक-ऑन, म्हणजे कुठल्या शत्रूवर वार जाईल ते आपण ठरवायची सोय, जी मूळ गेममध्ये नव्हतीच, तिथे ते गेम स्वतः ठरवायचा. स्टाइलचं अक्षर फार सहज चढतं ही लोकांची तक्रार होती, तर त्यासाठी हार्डकोर मोड दिला. लोक काय बोलताहेत ते कुणीतरी बसून, वहीत लिहून, एकेक करून सोडवलंय असं वाटतं तो खेळताना. ज्यांनी २०१३ चा नाकारला होता त्यांना मी आजही सांगतो की २०१५ चा एकदा हातात घ्या, मग बोला.

त्याच वर्षी कॅपकॉमने, म्हणजे या मालिकेच्या मूळ कंपनीने, चौथ्या भागाची स्पेशल एडिशन काढली. इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. चौथा भाग मूळ २००८ चा, आणि त्यात अर्धा गेम झाला की डांटेला घेऊन तुम्ही त्याच जागांतून उलटं परत येता, तेच किल्ले, तेच जंगल, तेच बॉस. वेळ कमी पडला असणार हे उघड दिसतं. सात वर्षांनी परत काढताना ते सुधारायची संधी होती, नाही सुधारलं. पण त्यांनी तीन नवीन पात्रं दिली, व्हर्जिल, ट्रिश आणि लेडी, आणि त्यातला व्हर्जिल इतका विचार करून बनवलाय की मी बाकी सगळं माफ करून टाकलं. त्याच्याकडे एकाग्रतेचं एक मीटर असतं. पळालात की उतरतं, वार हवेत वाया गेला की उतरतं, शांतपणे चालत राहिलात आणि प्रत्येक वार अंगाला लागला की चढतं, आणि चढलं की त्याची तलवार दुप्पट बोलते. बटणं दाबून गोंधळ घालणाऱ्याला हा गेम शिक्षा करतो, थांबायला शिकवतो. वीस शत्रू अंगावर येताहेत आणि तुम्ही चालताय, पळत नाही आहात, ही भावना मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिली नाही.

आता वाईट उदाहरणं, पटकन.

पहिल्या तीन भागांचं एचडी कलेक्शन, २०१२ ला एकदा आणि २०१८ ला पीएस४, एक्सबॉक्स वन, पीसीवर परत. खेळताना रुंद चित्र, आणि मेन्यू उघडला की जुन्या टीव्हीच्या आकाराचा चौकोन, तोही धूसर. दोन वेळा विकलं आणि दोन्ही वेळा तो मेन्यू तसाच. बेयोनेटा, जो कामियाचाच नंतरचा एक मोठा गेम, तो एक्सबॉक्स ३६० वर मस्त पळायचा आणि पीएस३ वर, जिथलं पोर्ट, म्हणजे त्या मशीनसाठीचं रूपांतर, मूळ टीमऐवजी सेगाकडून झालं होतं, तिथे अडखळायचा, लोडिंग तर साधा मेन्यू उघडला तरी. तो गेम चकवा मारल्यावर वेळ हळू होण्यावर उभा आहे, तिथे गेमच आपला आपण हळू झाला तर काय उरलं! २०१७ ला पीसीवर नीट आला तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की मूळ गेम असा होता.

निन्जा गायडन या याच जातीच्या दुसऱ्या मालिकेचं तर खरंच दुखतं. पहिल्या भागाची ब्लॅक नावाची २००५ ची आवृत्ती कित्येकांच्या मते या प्रकारातली सर्वात चोख. मग पीएस३ साठी सिग्मा आली, बदललेली, आणि दुसऱ्या भागाच्या सिग्मामध्ये शत्रू कमी केले, तुटणारे हातपाय आणि रक्त कमी केलं, रक्ताच्या जागी जांभळा धूर. २०२१ मध्ये मास्टर कलेक्शन आलं तेव्हा त्यात सिग्माच होत्या, कारण जुन्या आवृत्त्यांचा डेटा वापरता येईल अशा स्थितीत उरलाच नव्हता. विचार करा, एवढी मेहनत आणि ती नीट जपूनसुद्धा ठेवली नाही. जानेवारी २०२५ मध्ये निन्जा गायडन २ ब्लॅक आला, अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरवर, रक्त परत आलं, दिसतो फारच सुंदर, पण बांधणी अजूनही सिग्माचीच. आणि गंमत बघा, २००५ ची ती ब्लॅकची जुनी डिस्क नव्या एक्सबॉक्समध्ये घातली तर कशालाही हात न लावता, फक्त जास्त स्वच्छ होऊन चालते. माझ्या दृष्टीने तेच तिचं सर्वोत्तम पुनःप्रकाशन.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की येडं बनवतात की नाही ते प्रत्येक वेळी वेगळं बघावं लागतं, आणि पाचव्या भागाच्या बाबतीत उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे.

पाचवा भाग मार्च २०१९ चा. स्पेशल एडिशन नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या कन्सोलसोबत आली, आपल्याकडे पीएस५ च मुळी २ फेब्रुवारी २०२१ ला आला. त्यात रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवायचं तंत्र), व्हर्जिल, टर्बो मोड, लेजंडरी डार्क नाइट नावाचा मोड ज्यात शत्रूंची नुसती झुंबड असते, आणि १२० फ्रेमपर्यंतचा मोड. जाहिरातीत सगळ्यात पुढे रे ट्रेसिंग, डबक्यातलं प्रतिबिंब वगैरे. पण ४के मध्ये रे ट्रेसिंग लावलं की फ्रेम रेट पडतो, म्हणजे ज्यासाठी हा गेम आहे तेच देऊन टाकायचं आणि बदल्यात डबकं घ्यायचं. मी ते पहिल्याच दिवशी बंद केलं असतं. टर्बो मात्र सोनं आहे. बाबा तबला वाजवायचे, ते म्हणायचे, ठाय म्हणजे संथ लयीत बोल साफ नसेल तर दुगुनीत तो लपतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं छान झालं. टर्बोमध्ये मात्र उलटं, लपायला जागाच नाही, २० टक्क्यांनी लय चढते आणि तुमचा जो कॉम्बो, म्हणजे सलग वारांची साखळी, कच्चा आहे तो तिथल्या तिथे तुटतो.

आणि मला जे चुकीचं वाटतं ते हे. डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलवाल्यांना आणि पीसीवाल्यांना व्हर्जिल वेगळा विकत दिला, स्वस्तात दिला, तोपर्यंत ठीक. पण टर्बो आणि लेजंडरी डार्क नाइट दिलंच नाही, आणि स्पेशल एडिशन पीसीवर आजतागायत नाही. टर्बोला कुठलं नवीन मशीन लागतं? २००६ मध्ये तो पीएस२ वर चालत होता! आणि पीएस४ ची डिस्क ज्याच्याकडे आहे त्याला नव्या मशीनवर स्पेशल एडिशन हवी असेल तर पूर्ण गेम परत घ्यावा लागतो. तिसऱ्या भागाचंही तेच, फेब्रुवारी २०२० मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या मशीनवर जी आवृत्ती आली तिच्यात पहिल्यांदा खेळताखेळता स्टाइल, म्हणजे डांटेची लढायची पद्धत, बदलता यायला लागली, मूळ गेममध्ये मिशन सुरू व्हायच्या आधी किंवा वाटेतल्या ठराविक पुतळ्यापाशीच एक निवडावी लागायची. केवढा मोठा बदल, पंधरा वर्षं लोक हेच मागत होते, आणि तो एकाच मशीनवर अडकून पडला, तेही असं मशीन जे निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतही नाही. माझ्या मित्राने दुबईहून आणलं तेव्हा मी त्याच्याकडे सुदामा नगरला जाऊन फक्त हे बघायला तीन तास बसलो होतो. हे सगळीकडे यायला पाहिजे. पैसे घ्या, मी देईन, पण द्या.

तर त्या दिवशीचं राहिलंच. जेवण झाल्यावर भाचा परत बसला, डांटे, रॉयल गार्ड स्टाइल. यात शत्रूचा वार लागतो त्याच क्षणी बटण दाबलं तर तो पूर्ण अडवला जातो आणि त्याची ताकद तुमच्याकडे साठते. समोर फ्यूरी, तो सरड्यासारखा विजेच्या वेगाने येणारा. पोरगा दर वेळी मार खात होता आणि म्हणत होता, "मामा, मी दाबलं होतं, खरंच दाबलं होतं." मी चार वेळा नीट त्याच्या अंगठ्याकडे बघितलं, तो खरं बोलत होता. मग रिमोट मागितला. टीव्ही सिनेमा मोडवर होता, चित्र मऊ करायची ती सेटिंगही चालू, म्हणजे टीव्ही प्रत्येक चित्रावर स्वतःचं काम करून मग दाखवणार, तोपर्यंत वार लागून गेलेला. आमच्या पार्लरच्या त्या पिक्चर ट्यूबवर हा प्रश्नच नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला. रंग जरा फिके झाले, ताई म्हणाली काय केलंस रे टीव्हीला. फ्यूरी आला, त्याने दाबलं, आणि तो खणकन आवाज आला. पोरगं एकदम माझ्याकडे बघायला लागलं. दुसरा वार आला तोही अडवला, तिसराही, चौथ्याला चुकला, पण तोपर्यंत सोफ्यावरून उतरून खाली टीव्हीजवळ जाऊन बसला होता. काल रात्री त्याचा मेसेज आला, टर्बो लावलाय म्हणून. रविवारी जातोय परत.