रिसायकल्ड कागदावरचं खरेदीखत टिकत नाही?

नाशिकच्या वकिलांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कोर्टाच्या आणि सरकारी कागदपत्रांना रिसायकल्ड कागद सक्तीचा केला तर दस्त दहा वर्षांत पिवळे पडून फाटतील, प्रिंटर बंद पडतील, बॉण्डपेपरही रद्दीचा येईल आणि एवढं करून एकही झाड तोडण्यापासून वाचणार नाही. जमिनीचे कागद जिवापाड जपणाऱ्या माणसाला हे वाचून धडकी भरते, म्हणून हे उत्तर.

आधी टिकण्याचं बोलू. कागद पिवळा पडून ठिसूळ होतो तो मुख्यतः त्यातल्या आम्लामुळे आणि लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे. आमच्या घरात 1968 सालचं खरेदीखत आहे, हिरव्या लेजर पेपरवर. घडीवर बोट टेकलं तरी तुकडा सुटतो आणि कुणीतरी लावलेल्या सेलोटेपखाली अक्षरं तपकिरी झाली आहेत. तो कागद कुणी रिसायकल्ड म्हणून विकला नव्हता. उलट पेशवे दफ्तरातले जुन्नरी, दौलताबादी कागद दोन-अडीच शतकांनंतरही वाचता येतात, आणि ते बनायचे चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुटून. चिंध्यांचे तंतू लांब आणि चिवट असतात, ऑफिसच्या रद्दीचे तसे नसतात, हे मान्य. दर फेरीत तंतू आखूड होतात, म्हणून थोडा नवा लगदा मिसळावा लागतो. पण टिकाऊ कागदाचं आयएसओ 9706 हे आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा तंतू कुठून आले ते विचारत नाही. कागद सहज फाटू नये, लिग्निन नगण्य असावं आणि आम्ल मारायला किमान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असावं, हे ते पाहतं.

शिवाय सगळंच कायम ठेवायचं नसतं. सरकारी दफ्तरात कागदांचे वर्ग असतात: अ वर्ग कायमचा, ब वर्ग 30 वर्षांचा, ड वर्ग वर्षभराचा. सिंहस्थाच्या तयारी बैठकीच्या नोटिशीला शंभर वर्षं टिकणारा कागद कशाला हवा?

प्रिंटरचं म्हणाल तर तो अडतो दमट कागदाने. पावसाळ्यात उघडं राहिलेलं नव्या लगद्याच्या कागदाचं रीमही चिकटतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये किमान 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छापून, मागितला. त्या वजनाचा रिसायकल्ड कागद बाजारात मिळतो.

बॉण्डपेपरची भीती तर नाशिककरांनी मुळीच बाळगू नये. मुद्रांक आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, वेगळ्या सुरक्षा कागदावर छापले जातात. त्याला हात लावा असं कुणी म्हणत नाही.

झाडांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आपल्या गिरण्या बरंचसं लाकूड जंगलातून नाही, तर शेतात लावलेल्या निलगिरी-सुबाभळीचं घेतात. पण रद्दीच्या लगद्याला पाणी आणि वीज कमी लागते, आणि गोदाकाठी राहणाऱ्यांना पाण्याची किंमत सांगावी लागू नये. त्याच गिरण्या परदेशातून रद्दी आणतात आणि इथल्या फायली ओल्या कचऱ्यात कुजतात, याचा मला खरा राग येतो.

तेव्हा मागणी करायचीच तर कागदाच्या निविदेत दोन अटी घालायला सांगा: अ वर्गाला 9706 मानकाचा आम्लमुक्त कागद, बाकी कामाला रिसायकल्ड.